तीन बाय एक बाय सव्वा

भंगारवाल्याने माशांच्या टाकीत डोकावून पाहिलं, काचेवर नखाने टिचकी मारली आणि मान हलवली. "काच नाय घेत ताई. लोखंड देत असाल तर बोला." लोखंड म्हणजे टाकीचा स्टँड. मी काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "स्टँड देऊन टाक त्याला. आणि टाकी खाली नेऊन ठेव कचऱ्यापाशी. फुटकी काच घरात कशाला हवी?" भंगारवाल्याने पिशवीतून वजनकाट्याचा हूक बाहेर काढलासुद्धा. मी त्याला रद्दी तेवढी दिली, बाकीचं पुढच्या वेळी बघू म्हटलं आणि दार लावून घेतलं.

मग दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. फुटकी काच घरात ठेवू नये, असं आई म्हणाली असती तर मला काहीच वाटलं नसतं. आईचं ते सगळं आहेच, तिन्हीसांजेला केर काढू नये, बंद पडलेलं घड्याळ भिंतीवर ठेवू नये. पण बाबा? माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला हा माणूस. तुटलेल्या छत्रीच्या काड्या, गंज चढलेले स्क्रू, मिक्सरच्या जळलेल्या मोटरची तांब्याची तार, सगळं खोबरेल तेलाच्या जुन्या डब्यांमध्ये वर्गवारी करून ठेवणारा. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत कपड्यांना कपाट कमी पडलं, पण बाबांच्या डब्यांची फळी कधी हलली नाही. "टाकून दे" हे शब्द त्यांच्या तोंडून मी एकोणपन्नास वर्षांत ऐकले नव्हते. आणि तेही कशाबद्दल, तर त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेल्या टाकीबद्दल.

दोन वर्षं ती टाकी गॅलरीत चार विटांवर बसून होती. तळाला तडा. आई तिच्यात कांदे-बटाटे ठेवायची. वारा सुटला की कांद्याची सालं टाकीतल्या टाकीत गोल फिरत, आणि लांबून बघितलं तर क्षणभर काहीतरी पोहतंय असं वाटे.

आमच्या घरातली ही दुसरी टाकी. पहिली मी चौथीत होते तेव्हाची, चाळीतली. तेव्हा लोखंडी अँगलची चौकट असायची आणि तिच्यात आतून काचा बसवायच्या. चौकट आणि काच यांच्यामध्ये लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची. बाबा ती लांबी घरीच मळत. खडूची पूड आणि जवसाचं तेल. आईची परात मिळायची नाही, म्हणून एका पत्र्याच्या झाकणावर. कणकेसारखी मळून मळून तिचा गोळा हाताला चिकटेनासा झाला की ती तयार. त्या तेलाचा वास आजही मला पावसाळ्यात एखाद्या सुताराच्या दुकानावरून जाताना येतो आणि मी थबकते. त्या टाकीची एक मागणी असे: तिला रिकामं ठेवायचं नाही. पाणी काढून दोन दिवस कोरडी राहिली की लांबी सुकून आकसायची, भेगाळायची, आणि पुन्हा पाणी भरलं की कोपरे पाझरू लागायचे. त्यामुळे गावाला जायचं असलं तरी टाकी भरलेलीच. शेजारच्या काकूंना चिमूटभर खाद्य कागदाच्या पुड्यांत बांधून द्यायचं, एका दिवसाला एक पुडी. मासे म्हणजे गप्पी. हिवतापवाले डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरीत सोडतात तेच. बाबांच्या एका सोबत्याने विहिरीतून आणून दिलेले, डबाभर. एका महिन्यात डब्याचे दोन डबे झाले, कारण गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लंच देते, आणि देतच राहते.

त्याच वर्षी बाबा मला तारापोरवाला मत्स्यालय दाखवायला घेऊन गेले. दादरला गाडी बदलून चर्नी रोड. समोर समुद्र, आणि समुद्राकडे पाठ करून आम्ही समुद्रातले मासे बघायला आत शिरलो, याचं मला तेव्हा फार आश्चर्य वाटलं होतं. आत अंधार, ओलसर खारट वास, फरशीवर चपलांचा चिकचिक आवाज, आणि भिंतीत चौकोनी उजेड. प्रत्येक उजेडात एक दुनिया. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते उद्घाटन झालेली ती वास्तू. मुंबई बघायला आलेल्या कुठल्या पाहुण्याने ती पाहिली नसेल? मी नाक काचेला लावून कासवाची वाट बघत होते. बाबा मात्र माशांकडे बघतच नव्हते. काचेच्या कडेला, जिथे ती भिंतीत शिरते तिथे, वाकून वाकून बघत होते. बोटाने चाचपत होते. रखवालदार म्हणाला, "ओ साहेब, काचेला हात लावू नका." बाबा ओशाळून मागे सरले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "एवढं पाणी, आणि एक थेंब बाहेर नाही."

पुढे २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन मत्स्यालय पुन्हा उघडलं तेव्हा मी बाबांना नेलं. आता आत पारदर्शक बोगदा होता. डोक्यावरून मासे जात होते, मुलं किंचाळत होती. बाबांनी हात लावला आणि लगेच म्हणाले, "ही काच नाही." ॲक्रिलिक होतं ते. काच हाताला गार लागते, हे लागत नाही. त्यांना जरा वाईटच वाटलं असावं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. नंतर टाळेबंदीत त्या वास्तूचे दरवाजे बंद झाले, आणि तो बोगदा आम्ही दोघांनी तेवढा एकदाच पाहिला.

आमची ही दुसरी टाकी बाबांनी २००६ मध्ये बांधली. निवृत्तीनंतर सोसायटीतल्या लोकांना वाटलं आता हे कट्ट्यावर बसतील. बाबा काचवाल्याकडे जाऊन पाच काचा कापून घेऊन आले. तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. चौकट नाही, लांबी नाही, नुसत्या काचेला काच, मध्ये सिलिकॉनची बोटाएवढीसुद्धा नसलेली रेघ. आईचा विश्वासच बसेना. "हे एवढ्याशा डिंकावर उभं राहणार?" बाबांनी मला कागदावर आकडेमोड करून दाखवली होती. टाकीत तेरा इंच पाणी धरलं तर साधारण नव्वद लिटर. म्हणजे नव्वद किलो तळावर. पण खरी गंमत समोरच्या काचेची. पाणी नुसतं खाली दाबत नाही, बाजूलाही ढकलतं, आणि जितकं खोल तितकं जास्त ढकलतं. हिशोब केला तर समोरच्या एकट्या काचेवर जवळजवळ पन्नास किलोचा रेटा येतो. "सिमेंटची एक अख्खी गोण त्या काचेला टेकून उभी आहे, रात्रंदिवस," बाबा म्हणाले होते. "आणि काच हू का चू करत नाही." त्यानंतर कित्येक दिवस मी ताटावर बसले की टाकीकडे बघायचे आणि मला ती गोण दिसायची.

सतरा वर्षं ती काच उभी राहिली. तिच्यात एंजल होते, गोरामी होते, काच चाटत फिरणारा एक काळा सकर होता, तो तर वीतभर वाढला होता. माझं सासरहून परत येणं, मुलीची शाळा, तिची बारावी, सगळं त्या पंपाच्या बुडबुड आवाजात झालं. परत आले त्या वर्षी मला रात्र रात्र झोप लागायची नाही. टाकीचा दिवा चालू करून मी समोर बसायचे. एकदा पहाटे बाबा उठले, काही न बोलता माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसले. आम्ही दोघंही दूधवाला येईपर्यंत मासे बघत होतो.

आणि ती तडकली ती माझ्यामुळे.

दोन वर्षांपूर्वी घरात नव्या फरश्या बसवल्या. त्यासाठी टाकी रिकामी केली, मासे दोन टबांत ठेवले, स्टँड बाजूला काढला. टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये थर्माकोलची एक जाड चादर होती. सतरा वर्षांत ती पिवळी पडली होती, दबून पापडासारखी झाली होती, कडेने मुंग्यांनी पोखरली होती. घराला नवी फरशी आली, भिंतींना नवा रंग आला, आणि ते घाणेरडं थर्माकोल मला बघवेना. मी ते कचऱ्यात टाकलं आणि त्या जागी स्टँडवर नुसतं स्वच्छ प्लास्टिकचं कापड अंथरलं. बाबा त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. टाकी परत भरली, मासे सोडले, छान दिसलं सगळं. अठरा दिवस छान दिसलं. श्रावणातल्या एका रात्री दोनच्या सुमारास "टक्" असा एकच आवाज झाला. मला वाटलं कुणाच्या तरी हातून चमचा पडला. पहाटे आई उठली तेव्हा तिच्या चपला पाण्यात.

थर्माकोल तिथे काय करत होतं हे मला त्यानंतर समजलं. लोखंडी स्टँड डोळ्याला सपाट दिसतो, पण असतो थोडाच. वेल्डिंगचा एखादा उंचवटा, एखादा पाय केसभर तोकडा. थर्माकोल दबतं, जिथे उंचवटा तिथे जास्त दबतं, आणि तळाच्या काचेला सगळीकडून सारखा आधार मिळतो. ते काढलं की नव्वद किलो पाणी आणि वर वाळूचं वजन एका दाण्याएवढ्या उंचवट्यावर येतं. काच वाकत नाही. वाकता येत असतं तर ती वाचली असती.

बाबांनी त्या पहाटे एक शब्द काढला नाही. मासे बादल्यांमध्ये काढले, फरशी पुसली, कोपऱ्यातला तडा बोटाने चाचपला. मोठा गोरामी तिसऱ्या दिवशी गेला. बाकीचे मासे स्टेशनजवळच्या मासेवाल्याला देऊन टाकले. थर्माकोल कुठे गेलं हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ते न सांगणं दोन वर्षं गॅलरीत त्या टाकीच्या बाजूलाच बसून होतं.

तर भंगारवाला गेला त्या रविवारी मी कांदे टोपलीत काढले. "माझे कांदे कुठे निघाले?" म्हणून आईने विचारलं तेव्हा मी टाकी धुवून ठेवते म्हणाले. हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणि गन आणली. मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ बघितले. तड्यावर आतून सिलिकॉनचा जाड लेप दिला, कोपऱ्यातल्या जुन्या सिलिकॉनवरही वरून एक थर ओढला, तीन दिवस वाळू दिलं. सिलिकॉन वाळताना एक आंबट वास सुटतो, चायनीजच्या गाडीवर बाटलीत मिरच्या भिजत घालतात त्या व्हिनेगरचा. तो वास घरभर झाला होता, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. बाहेर आले नाहीत.

चौथ्या दिवशी चार बोटं पाणी भरलं. पाऊण तास काही नाही. मग तळाखाली विटेवर एक गोल डाग दिसला. बघता बघता त्याचे दोन झाले. आणि त्याच वेळी पुन्हा तो आवाज. "टक्." लहानसा, कोरडा. पाणी उपसून, टाकी पुसून मी ती उलटी केली तेव्हा तळाच्या बाहेरच्या बाजूला मला काळ्या मार्करची एक बारीक आडवी रेघ दिसली. रेघेच्या एका बाजूला बाबांच्या अक्षरात तारीख, टाकी फुटली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. दुसऱ्या बाजूला सहा महिन्यांनंतरची. तडा जिथे संपतो त्या टोकावर त्यांनी खूण करून ठेवली होती, आणि सहा महिन्यांनी पुन्हा येऊन तपासलं होतं. तडा तसूभरही हलला नव्हता. दोन तारखा, एकच रेघ. आता मात्र तडा त्या रेघेच्या तीन इंच पुढे गेला होता.

टाकून द्यायची होती तर मोजत का होते?

मी ती उलटी टाकी तशीच ठेवून बाबांना बोलावलं. ते आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले, रेघ बघितली, रेघेच्या पुढचा तडा बघितला. मग माझी सिलिकॉनची नळी उचलून भिंग लावून तिच्यावरचं बारीक अक्षर वाचू लागले. "हे न्हाणीघराचं. यात बुरशी मारायचं औषध असतं. मासे राहायचे नाहीत यात." मग कोपऱ्यातला माझा थर त्यांनी नखाने धरला आणि ओढला. तो अख्खाच्या अख्खा, सापाच्या कातीसारखा निघून आला. "नवं सिलिकॉन जुन्याला धरत नाही. काचेला धरतं. जुनं सगळं खरवडून काढायला लागतं." एवढं बोलून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "टेप आण. आतलं माप घेऊ."

आतलं माप तीन ठिकाणी घ्यायचं. दोन टोकांना आणि मध्ये. तिन्ही सारखी येत नाहीत. सगळ्यांत लहान धरायचं आणि त्यातून दोन्ही बाजूंनी एक-एक सूत कमी करायचं, सिलिकॉनला जागा राहावी म्हणून. मी लिहीत गेले. तळाची तडकलेली काच काढायची नाही, तिच्यावर आतून दुसरी अख्खी काच बसवायची असं त्यांनी ठरवलं. बाहेरून ठिगळ लावलं तर पाणी ते बाहेर ढकलणार, आतून लावलं तर पाणीच ते दाबून धरणार. इतकी साधी गोष्ट. पण ज्याने आयुष्यभर रेल्वेच्या डब्यांच्या दाराखिडक्यांशी झुंज घेतली त्यालाच ती इतक्या सहज सुचत असेल.

काचवाल्याचं दुकान म्हणजे जेमतेम एक गाळा. भिंतीला टेकवलेल्या उभ्या काचा, वर फुलांची नक्षी असलेले आरसे, आणि मध्ये जाजम घातलेलं टेबल. काचवाल्याने सहा एमएमची काच आडवी टाकली, पट्टी धरली, हिरा घासलेटात बुडवला आणि एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. बारीक कुरकुर आवाज झाला. काचेवर केसाएवढा ओरखडा, बस. मी म्हटलं, एकदाच? तो म्हणाला, "दुसऱ्यांदा फिरवला की गेली." मग ओरखड्याची रेघ टेबलाच्या कडेवर आणून त्याने दोन्ही हातांनी हलकेच दाबलं, आणि काच त्या रेघेवर सरळ मोकळी झाली. काच कापत नाहीतच मुळी. तिला एक तडा पाडतात आणि तो हवा तिकडे नेतात. घासलेट कशाला, विचारलं तर म्हणाला, त्याने रेघ उघडी राहते, पटकन मोडते. मला आमच्या टाकीतला ओला तडा आठवला. काचेतली भेग ओली झाली की सहज पुढे सरकते; मी चार बोटं पाणी भरून तिला वाटच करून दिली होती. मी त्याला तड्याबद्दल सांगितलं. कडा घासता घासता तो मान वर न करता म्हणाला, "तडकलेल्या काचेला औषध नाही ताई. तिच्यावरचा भार काढायचा."

पुढचे दोन दिवस खरवडण्यात गेले. दाढीचं ब्लेड लाकडी पट्टीत बसवून, काचेला जवळजवळ झोपवून सरकवायचं. सतरा वर्षांचं सिलिकॉन पिवळट झालं होतं, काही ठिकाणी शेवाळ त्याच्या पोटात शिरून हिरवं झालं होतं. ते भुग्याभुग्याने निघतं. सगळं निघालं असं वाटतं आणि उजेडात तिरकं धरून बघितलं की एक तेलकट पापुद्रा अजून असतोच. सांधा धरून ठेवणारं, काचेच्या मधलं सिलिकॉन तसंच ठेवायचं, आतल्या कोपऱ्यातलं तेवढं काढायचं. मग स्पिरिट. फडकं करकरेपर्यंत. बाबा स्टुलावर बसून सांगत होते, आणि मध्येच एकदा खाली मान घालून म्हणाले, "थर्माकोलपण आणावं लागेल. अर्धा इंची."

मी ब्लेड खाली ठेवलं. "बाबा, तेव्हाचं थर्माकोल मी टाकलं होतं."

"माहिती आहे," ते म्हणाले. "कचऱ्याच्या डब्यात बघितलं होतं मी. त्याच संध्याकाळी."

गॅलरीत पाऊस सुरू झाला होता. आई कपडे काढायला धावली. बाबा जरा वेळाने म्हणाले, "मला वाटलं तू दुसरं आणून घातलं असशील. मी वाकून बघायला हवं होतं. डोळ्यांत औषध घातलं होतं त्या दिवशी, दिसत नव्हतं नीट. दुसऱ्या दिवशी बघू म्हटलं." त्यापुढे ते काही बोलले नाहीत. मला वाटत होतं की दोन वर्षं मी एकटीच ते बाळगून आहे.

सिलिकॉन यावेळी बाबांनी सांगितलं ते आणलं, टाक्यांसाठीचं, औषध नसलेलं. नळीचं तोंड तिरकं कापलं. बाबांनी गन हातात घेतली. गेल्या वर्षापासून त्यांचे हात थरथरतात. चहा अर्धा कपच द्यावा लागतो. त्यांनी कोपर मांडीला टेकवलं, श्वास रोखला, आणि नळीचं टोक काचेजवळ नेलं. ते टोक काचेवर वाजू लागलं. टिकटिकटिकटिक. घड्याळापेक्षा जलद. त्यांनी गन मागे घेतली, पुन्हा नेली. पुन्हा तेच. मी पापुद्रे गोळा करण्याचं नाटक करत होते. मग त्यांनी गन माझ्याकडे दिली. "तू धर. मध्ये थांबू नकोस. थांबलीस की तिथे फुगा येतो."

भंगारवाल्याच्या दिवशीचं वाक्य तेव्हा मला समजलं असं वाटलं. आणि लगेच वाटलं की कदाचित ते तसं नसेलही. माझ्या मनावरचं ओझं जावं म्हणून, मला रोज ती टाकी दिसू नये म्हणून ते म्हणाले असतील. अजून मला नक्की ठरवता आलेलं नाही. विचारणार नाही मी.

मी रेघ ओढली. तळाला चारही कडांनी, आणि तड्याच्या दोन्ही अंगांनी. नवी काच दोघांनी मिळून आत उतरवली, एक टोक आधी टेकवून, हवा बाहेर जाईल अशी हळूहळू निजवली. मग आतल्या चारही कोपऱ्यांत पुन्हा एक रेघ. तिच्यावरून बोट फिरवून ती गोलाकार बसवायची असते, आणि त्याला मिनिटं मोजकीच असतात, दहाएक मिनिटांत वर साय धरते. बाबा म्हणाले, "ते मी करतो." साबणाच्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी ते कोपऱ्यात टेकवलं. पहिल्या इंचभर रेघेवर बारीक लाटा उमटल्या. आणि मग त्या थांबल्या. दोन काचांच्या काटकोनात बोट अडकलं होतं, दोन्ही बाजूंनी काचेने ते धरलं होतं, थरथरायला जागाच नव्हती. तीन फूट सलग, एकाच वेगाने त्यांचं बोट सरकत गेलं आणि मागे सायीसारखी गुळगुळीत रेघ राहिली. माझ्या हाताने अशी आली नसती. त्या सुरुवातीच्या लाटा अजून दिसतात, डाव्या मागच्या कोपऱ्यात.

दहा दिवस टाकीला हात लावायचा नाही असं फर्मान निघालं. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावर धरतं, त्यामुळे पावसाळा बरा, पण दोन काचांच्या पोटातलं सावकाश धरतं. नात रोज संध्याकाळी कॉलेजातून आली की वास घ्यायची. "आजोबा, आज कमी आंबट." अकराव्या दिवशी स्टँड हॉलमध्ये आला. बाबांनी पाणसळ ठेवली, एका पायाखाली पत्र्याची चकती सरकवली, पुन्हा पाणसळ ठेवली. वर नवं कोरं, पांढरंशुभ्र थर्माकोल. ते मी अंथरलं, आणि बाबांनी तळहात फिरवून पाहिलं, खाली काही खडा राहिला नाही ना.

पाणी एकदम भरायचं नाही. पहिल्या दिवशी चार बोटं, दुसऱ्या दिवशी अर्धी, मग पूर्ण. स्टँडखाली बाबांनी त्या दिवशीचा पेपर पसरला. थेंब पडला तर कागद सुरकुतेल, लगेच कळेल. पाण्याच्या पातळीवर मार्करची खूण केली, आणि बाजूला स्टूलवर एक काचेचं भांडं पाण्याने भरून त्यालाही तशीच खूण. "पातळी उतरली तर पाणी उडालं की गळलं हे कसं कळणार? दोन्हीकडे सारखं उतरलं तर उडालं." आठ दिवस आमच्या घरात कुणी टीव्हीकडे बघितलं नाही. आई भाजी निवडायलाही टाकीसमोर बसायची. रात्री मी उठून दिवा न लावता स्टँडखालच्या पेपरवर हात फिरवायचे. एकदा अंधारात बाबांच्या हाताला माझा हात लागला.

मासे इतक्यात आणायचे नाहीत. पाण्यात आधी जंतू धरायला हवेत, माशांची घाण पचवणारे. चार-सहा आठवडे तरी जातील. आईचं म्हणणं, आधी चार गप्पीच आणा. तडा अर्थातच आहे. नव्या काचेखाली, डाव्या कोपऱ्यातून निघून तिरका गेलेला. पाण्यातून तो जरा मोठाच दिसतो, आणि टाकीचा दिवा लावला की चंदेरी. वर वाळू पसरली की दिसणार नाही, पण वाळू अजून धुवून गच्चीवर वाळत पडली आहे.

काल आठवा दिवस. दोन्हीकडची पातळी जाडसर दोऱ्याएवढी उतरली होती, दोन्हीकडे सारखीच. बाबांनी खाली बसून स्टँडखालचा पेपर ओढून काढला, उजेडात धरला, मागून-पुढून बघितला. कुठे सुरकुती नव्हती. तो कडकडीत कोरडा होता. त्यांनी त्याची नीट घडी घातली, चष्मा लावला, आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून तो आठ दिवसांपूर्वीचा पेपर पहिल्या पानापासून वाचायला घेतला.